रिक्त पदावरची बाई

साहेब, तुम्ही माझी बहीण गायब केलीत. दिवसाढवळ्या, भरल्या वर्गात, पोरांच्या डोळ्यांदेखत. पाकीटमार निदान गर्दीचा आडोसा शोधतो, त्याला थोडी तरी जनाची असते. तुम्ही तिच्याच वर्गात, तिच्याच खुर्चीत बसून तिला नाहीशी केलीत आणि मग तिच्याच हातचं पाणी प्यायलात!

वाचकहो, मी कोणाशी भांडतोय ते सांगतो. शिक्षण खात्यात एक साहेब आहेत. नाव सांगत नाही. सांगितलं तर खटला होईल, आणि त्या खटल्याचे कागद टाइप करायला पुन्हा मलाच बसावं लागेल. तर हे साहेब एकदा शाळेत तपासणीला आले. माझी धाकटी बहीण तिथे विज्ञान शिकवते. त्या दिवशी लोहचुंबकाचा धडा चालू होता. साहेबांनी मुलांना विचारलं की विज्ञान कोण शिकवतं. मुलं एका सुरात म्हणाली, "बाई!" साहेबांनी धाकटीकडे वळून विचारलं, "तुमच्या नेमणुकीला खात्याची मान्यता आहे?"

धाकटी म्हणाली, "नाही. प्रस्ताव तुमच्याच टेबलावर पडलाय."

"मग तुम्ही इथे नाही," साहेब म्हणाले आणि तपासणीच्या कागदावर लिहून मोकळे झाले: विज्ञान शिक्षक, पद रिक्त. लिहून घसा कोरडा पडला असावा. जी बाई तिथे नव्हती तिच्याकडे त्यांनी पाणी मागितलं, आणि जी नव्हती तिने ते दिलं.

संध्याकाळी धाकटीने हे घरी सांगितलं तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. मी कोर्टाच्या मागच्या गल्लीत टायपिंगचं दुकान चालवतो. मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं यावर घरात दोन मतं आहेत, पण दूधवाल्याच्या मांजराला जसं दुधातलं कळतं तसं मला कायद्यातलं कळतं. वकील बोलतात, मी बडवतो, आणि बडवता बडवता त्यांचं अर्धंमुर्धं वाक्य परस्पर दुरुस्त करून टाकतो. कित्येक वकील माझ्या दुरुस्त्यांवर मोठे झाले. मी छाती ठोकून म्हणालो, "सहामाहीच्या आत तुझी मान्यता आणून दाखवतो. नाही आणली तर टायपिंग सोडून देईन."

आई म्हणाली, "याने नळ दुरुस्त करायला घेतला होता तेव्हाही असंच म्हणाला होता. मग खालच्या घरातून लोक बादल्या घेऊन आले."

आईचा कायद्याचा अभ्यास नाही. मी दुर्लक्ष केलं.

आता भानगड काय ते ऐका. ही शाळा एका छोट्या समाजाची आहे. इतका छोटा की त्यांच्यातल्या कोणाच्या लग्नाला जा, अख्खा समाज एका फोटोत मावतो. असे जे संख्येने थोडे, त्यांना आपल्या शाळा आपण चालवाव्यात, शिक्षक आपण निवडावेत, असा हक्क कायद्याने दिलाय. चांगली गोष्ट आहे, थोड्यांना थोरल्यांनी गिळू नये. पण शिक्षकांचा पगार देतं सरकार. आणि सरकार म्हणतं, ज्या शाळा बंद पडल्या तिथले शिक्षक आमच्याकडे बसून पगार खातायत, त्यांना आम्ही 'अतिरिक्त' म्हणतो, आधी त्यांना घ्या. संस्था म्हणते, शाळा आमची. सरकार म्हणतं, पैसा आमचा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं लहानपणी शिकवतात. शिकवणाऱ्याने शिक्षण खातं पाहिलेलं नसतं!

इथे तिसरी होती धाकटी. ती त्या समाजाची नाही. जुन्या मुख्याध्यापिकेने तिला घेतलं ते ती चांगलं शिकवते म्हणून. तेव्हा असल्या कारणांना किंमत होती. पुढे मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि धाकटीच्या मान्यतेचा प्रस्ताव खात्यात वर्षानुवर्षं झोपून राहिला. मान्यता नाही म्हणून सरकारी पगार नाही. संस्था हातावर जे टेकवायची त्याला पगार म्हणणं म्हणजे शिंकेला वादळ म्हणण्यासारखं. तेही तिने सोसलं. पण यंदाची गोष्ट वेगळी होती. नेमणुकीला वयाची अट असते, आणि धाकटी त्या अटीच्या उंबऱ्यावर उभी होती. यंदा मान्यता मिळाली नाही तर ही शाळाच काय, कुठल्याच शाळेचं दार तिला उघडणार नव्हतं.

साहेबांनी पद रिक्त लिहिलं आणि रिक्त पद म्हटलं की खात्याला पाझर फुटतो. आठवडा उलटायच्या आत त्यांनी त्या जागी एक अतिरिक्त शिक्षक धाडला. विज्ञानाच्या जागेवर. चित्रकलेचा! बरोबर हुकूम होता की याला रुजू करून घ्या, नाहीतर शाळेचं अनुदान थांबवू.

शाळेचे अध्यक्ष चिडले. चष्म्याच्या दुकानाचे मालक ते, जवळचं आणि दूरचं दोन्ही बरोबर बघणारा माणूस. अनुदान थांबू नये म्हणून त्यांनी अतिरिक्तला हजेरीवर सही करू दिली आणि आपला हक्क सोडला असं होऊ नये म्हणून वर्गाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला बंदी केली. व्हरांड्यात, धाकटीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर, त्याला एक खुर्ची टाकून दिली. झालं! आत शिकवते तिला पगार नाही आणि बाहेर बसतो त्याला वर्ग नाही. दोघांना एकत्र शिवलं असतं तर एक अख्खा शिक्षक झाला असता, पण त्यासाठी अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते कोणाला ठाऊक नव्हतं.

अतिरिक्त माणूस भला होता. आपण कोणाच्या तरी जागेवर बसलोय याचीच त्याला इतकी शरम वाटायची की तो खुर्चीच्या फक्त कडेवर बसायचा. पहिले काही दिवस त्याने खाली मान घालून काढले. मग एकदा धाकटी फळ्यावर हृदय काढायला गेली आणि तिचं हृदय नेहमीप्रमाणे बटाट्यासारखं आलं. खिडकीतून हळूच आवाज आला, "बाई, मी काढून देऊ का? आत येत नाही मी."

त्या दिवसापासून कारखानाच सुरू झाला. बाहेर मांडीवर तक्ता घेऊन तो काढायचा, गजांतून आत सरकवायचा, आत धाकटी शिकवायची. हृदय, फुप्फुस, फुलाचा छेद, उघड्या पोटाचा बेडूक. बेडूक इतका जिवंत आला की पुढच्या बाकावरच्या मुलीने पाय वर घेतले. विज्ञान आवडत नाही म्हणणारी पोरं मधल्या सुट्टीतसुद्धा वर्गात बसू लागली. सगळ्या शाळेत तो एकच वर्ग धड चालत होता, आणि खात्याच्या दप्तरी त्या वर्गाला शिक्षकच नव्हता.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर? पण गप्प बसणं आमच्या खानदानात नाही. मी सरळ अध्यक्षांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो की खात्याला कोर्टात खेचा. अध्यक्ष म्हणाले, समाजातला एक वकील आहे, फुकट लढेल. वकील मी पाहिला. फुकटातला आहे हे सांगावं लागत नव्हतं. बिचारा बोलताना प्रत्येक वाक्य मधेच ठेवून पुढच्यावर जायचा. मी म्हणालो, तुम्ही फक्त उभे राहा, याचिका मी लिहितो.

आणि लिहिली की हो! रात्रंदिवस तेच डोक्यात. जेवताना बायकोला परिच्छेद वाचून दाखवायचो, ती म्हणायची आधी घास गिळा. त्या याचिकेचा कळस म्हणजे एक वाक्य होतं. आजही मला ते पाठ आहे, आणि ते विसरायचं औषध कोणाकडे असेल तर कळवा:

"आपला शिक्षक निवडणे हा संस्थेचा अबाधित हक्क असून, अमुक व्यक्ती का निवडली व तमुक का निवडली नाही, असे विचारण्याचा अधिकार शासनास, खात्यास वा अन्य कोणासही नाही."

वकील डोकं खाजवत म्हणाला की 'अन्य कोणासही' जरा जास्त होतंय, शासन आणि खातं पुरे. मी त्याला झापलं. "वकीलसाहेब, कुलूप लावायचं तर दोन्ही कड्यांना लावा. एक फट ठेवलीत की खातं शिरलंच म्हणून समजा." अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, काय लिहिलंयस, वा. त्यांचे डोळे पाणावले होते. मला वाटलं भाषेमुळे.

धाकटीने मात्र याचिका पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचली आणि विचारलं, "दादा, यात माझं नाव कुठंय?"

मी हसलो. म्हणालो, अगं वेडे, कायद्यात असं व्यक्तीचं नाव घालून केस लहान करायची नसते. हक्क संस्थेचा असतो. संस्था जिंकली की तू जिंकलीस.

"संस्था म्हणजे कोण?"

"संस्था म्हणजे संस्था!" मी म्हणालो. केवढं हे खोल उत्तर! तिने कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले आणि वह्या तपासायला बसली.

कोर्टात काय झालं ते सांगायला मला अजूनही आवडतं, हीच तर माझी खोड. खात्याचा वकील घाईत दुसऱ्याच खटल्याची फाइल घेऊन आला होता. बराच वेळ तो कुठल्या तरी पाण्याच्या पाइपलाइनबद्दल तावातावाने बोलला. न्यायाधीशांनी विचारलं की या शाळेचा पाइपाशी काय संबंध, तेव्हा त्याने पान उलटून पाहिलं आणि बसला. शेवटी साहेबच उठले. हे साहेब! एवढंच म्हणाले की हक्क संस्थेचा आहे हे मान्य, पण पगार जनतेचा आहे, तेव्हा निवड सरळ झाली की नाही एवढं आम्हाला बघू द्या. मागच्या बाकावरून मी वकिलाच्या पाठीत बोट खुपसलं. वकिलाने माझं वाक्य वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक वाक्य शेवटपर्यंत नेलं, आणि नेमकं तेच!

निकाल आमच्या बाजूने लागला. अतिरिक्तला परत बोलवा, संस्थेने आपल्या पसंतीचा शिक्षक नेमावा, खात्याने कारण न विचारता मान्यता द्यावी. माझं वाक्य निकालपत्रात जसंच्या तसं उतरलं होतं. मी गल्लीतून असा चाललो की रस्ता मला अरुंद पडला. चहावाल्याने पैसे मागितले तर त्यालाही वाक्य ऐकवलं.

रीतसर नेमणूक करायची म्हणून संस्थेने मुलाखती ठेवल्या. मी धाकटीला म्हणालो, ही नुसती नावाची मुलाखत, जा आणि सही करून ये. ती गेली. बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी एक नवीकोरी मुलगी बसली होती, अध्यक्षांची सूनबाई. नुकतीच पदवी घेतलेली. स्वभावाने गोड, तिच्यावर माझा राग नाही. तिने धाकटीला विश्वासात घेऊन विचारलं, "ताई, गांडूळ कितव्या धड्यात आहे हो? मला किळस येते. तो धडा वगळला तर कोणी काही म्हणतं का?"

धाकटी म्हणाली, "कोणाला विचारायचा अधिकारच नाहीये आता." आणि आत न जाता घरी आली.

मी म्हणालो, तू मूर्ख आहेस, मुलाखत न देता कोणी येतं का, सून काय तिथे सासऱ्याचा डबा घेऊन आली असेल. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. दुसऱ्या दिवशी सूनबाईंच्या नेमणुकीचा कागद शाळेच्या फळ्यावर लागला.

मी तसाच अध्यक्षांच्या दुकानात घुसलो. ते एक भिंग पुसत होते. मी विचारलं की माझ्या बहिणीला का घेतलं नाही. त्यांनी भिंग उजेडात धरून पाहिलं, खाली ठेवलं, खणातून निकालपत्र काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"अन्य कोणासही," ते म्हणाले. "हे तूच घातलंस. आमचा वकील नको म्हणत होता."

मी म्हणालो, हा हक्क समाजाचा होता, तुमच्या घरचा नाही. ते म्हणाले की समाजाची सेवा घरापासून सुरू करावी असं थोर लोक सांगून गेलेत. मी म्हणालो, पोरांच्या विज्ञानाचं काय? ते म्हणाले, पुस्तक असतं ना. मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्या चष्म्याची काडी सैल झालीय. बस, घट्ट करून देतो."

आणि वाचकहो, मी बसलो. काडी खरंच सैल होती.

नंतर मी जे केलं त्याला निर्लज्जपणा म्हणा नाहीतर काही. ज्या खात्याला मी कोर्टात आडवं केलं होतं त्याच खात्यात मी हात जोडून गेलो. साहेबांनी निकालपत्र टेबलाच्या काचेखाली लावून ठेवलं होतं! मला म्हणाले, "या लेखक, या." चहा मागवला. मी सगळं सांगितलं. म्हणालो, या नेमणुकीला मान्यता देऊ नका, हा उघड अन्याय आहे.

"मी हेच तर कोर्टात म्हणत होतो, की निवड कशी झाली ते बघू द्या," साहेब म्हणाले. "तुम्ही म्हणालात, बघायचं नाही. आता आम्ही डोळे मिटूनच सही करतो."

सही झालेली होती. कागद आला त्याच दिवशी. साहेब, इथे मी पुन्हा तुमच्याशी बोलतोय. माझी बहीण डोळ्यांसमोर उभी होती तर ती तुम्हाला दिसली नाही, आणि सूनबाईंना न बघताच तुम्ही पाहिलंत. काय नजर आहे! चष्मा मात्र तुम्ही अध्यक्षांकडून घेत नसाल ही आशा.

मी शेवटचं विचारलं की तिने इतकी वर्षं शिकवलं, निदान तो अनुभव कागदावर लिहून द्या. अनुभव असला तर वयाची अट शिथिल होते, दुसऱ्या शाळेत तरी तिला अर्ज करता येईल. साहेबांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "ते पद रिक्त होतं हो. रिक्त पदावर अनुभव कसा येईल?"

मी घरी येऊन आडवा झालो. दोन दिवस यंत्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उठलो ते पेटूनच. म्हणालो, आता धाकटीच्या नावाने अर्ज करतो, असा लिहितो की खातं, संस्था, सून, सासरा, सगळ्यांना एकाच मुसळाने कुटतो! दुकानात जाऊन कागद चढवला, धाकटीला घरून बोलावणं पाठवलं. ती घरात नव्हती.

माझ्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे आणखी एक टायपिंगचं दुकान आहे. त्याच्याबद्दल मी फार बोलत नाही. त्याने एकदा खरेदीखतात घर विकणाऱ्यालाच विकत घेणारा करून टाकलं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. तर त्या दुकानात, त्या माणसाच्या शेजारी स्टुलावर, धाकटी बसलेली. शेजारी तो अतिरिक्त, पुन्हा कडेवर टेकलेला. त्याला आता कुठल्याशा शाळेत भाषेच्या रिक्त पदावर पाठवलंय, तिथून अर्धा दिवस रजा टाकून तो आला होता.

मी रस्ता ओलांडून गेलो. म्हणालो, अगं घरचं यंत्र सोडून इथे? याला धड एक वाक्य रचता येत नाही.

"म्हणूनच आले," धाकटी म्हणाली. "मी सांगते तेवढंच तो लिहितो."

समोरच्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. इतका आनंद त्याला ते खरेदीखत निस्तरल्यावरही झाला नसेल. अतिरिक्त उठून उभा राहिला आणि मला नम्रपणे म्हणाला, "मी साक्ष देतोय. पगार घेऊन रोज त्या खिडकीशी बसलो होतो. बाईंना शिकवताना माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही."

मी खाली बसलो. स्टूल नव्हतं, पायरीवर बसलो. एवढी कलमं, एवढे परिच्छेद, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खात्याने स्वतःच्या खर्चाने साक्षीदार नेमला होता, सरकारी, रोज हजर, वर्गाच्या नेमक्या खिडकीत!

साहेब, तो अर्ज तुमच्या टेबलावर पोचलाय. त्यात एकही विशेषण नाही. कळस नाही, कलम नाही, मी वाचला तेव्हा मला जरा ओकाबोकाच वाटला. त्यात एकच प्रश्न आहे: पद रिक्त होतं, तर तुमच्याच माणसाला खिडकीतून रोज कोण दिसत होतं?

उत्तर द्या. तोंडी नको, चहा पाजून नको, लेखी द्या आणि खाली सही करा. आणि ते समोरच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. माझ्याकडे आलं तर मी त्यात काहीतरी सुधारणा करीन, अशी तिला भीती वाटते.